क्रिएटिनिन नॉर्मल, तरी आईला खुर्चीतून उठवत नाही : उतारवयातील मूत्रपिंडे आणि स्नायूंची ताकद

टेकडीवाली (कोथरूड)

घरातील ज्येष्ठांच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपण बहुतेकजण क्रिएटिनिनचा आकडा शोधतो, तो छापील मर्यादेच्या आत दिसला की "किडनी उत्तम आहे" असे म्हणतो आणि अहवाल फायलीत लावून टाकतो. पंचाहत्तरीच्या पुढे हा एकटा आकडा किती फसवा असू शकतो, आणि त्याचा हातापायांतील ताकदीशी किती जवळचा संबंध असतो, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या आईचे वय ७६ आणि वजन ५२ किलो आहे. गेल्या वर्षभरात तिची ताकद डोळ्यांदेखत कमी झाली. कुकरचे झाकण तिला एका हाताने फिरवता येत नाही, कणीक मळताना मध्येच थांबून मनगट चोळावे लागते, आणि सोफ्यावरून उठताना ती दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून, थोडे पुढे झुकून, एकदा मागे येऊन मग दुसऱ्या प्रयत्नात उभी राहते. वय झाले, असे आम्ही सगळे म्हणत होतो. क्रिएटिनिन ०.८ होते, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, ७६ येत होता. काळजीचे कारण दिसत नव्हते.

यावेळी ज्या वृद्धरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी अहवालाआधी आईच्या पोटऱ्या पाहिल्या, तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितले आणि नंतर सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे एक प्रथिन) व लघवीतून झिरपणारे अल्ब्युमिन हे प्रथिन, या दोन तपासण्या लिहून दिल्या. सिस्टॅटिन सी १.५ आले. त्यावरून काढलेला ईजीएफआर ४० येतो, आणि दोन्ही घटक एकत्र धरले तर ५५. लघवीत अल्ब्युमिनही जात आहे. तीन महिन्यांनी तपासण्या पुन्हा करायच्या आहेत. एकाच बाईची मूत्रपिंडे एका हिशेबाने ७६ आणि दुसऱ्या हिशेबाने ४० कशी असू शकतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया समजावून सांगावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ताकद कमी होणे आणि मूत्रपिंडे मंदावणे या दोन गोष्टी एकमेकींना ओढत नेतात का, आणि तसे असेल तर आम्ही घरी काय करावे?

निवृत्त_प्रयोगशाळा (नारायण पेठ)

ताई, आपला पहिला प्रश्न माझ्या आयुष्यभराच्या कामाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

क्रिएटिनिन हा पदार्थ स्नायूंमधून येतो. स्नायूंत क्रिएटिन नावाचा ऊर्जेचा साठा असतो आणि त्यातील साधारण १ ते २ टक्के भाग दररोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलून रक्तात उतरतो. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. याचा अर्थ रक्तातील पातळी दोन गोष्टींवर ठरते : किती तयार झाले आणि किती बाहेर गेले. स्नायू झडले की तयार होणेच कमी होते, आणि मूत्रपिंडे अर्ध्या ताकदीने चालत असली तरी रक्तातील आकडा गोंडस दिसत राहतो. ज्या घरात कमाई आणि खर्च दोन्ही घटले आहेत, त्या घराची शिल्लक पाहून परिस्थिती कळत नाही, तसेच हे आहे.

आता अहवालातील छापील मर्यादेविषयी. बऱ्याच प्रयोगशाळांच्या कागदावर क्रिएटिनिन १.१ हा आकडा तांबड्या खुणेविना, म्हणजे नॉर्मल म्हणून, येतो. ईजीएफआर काढण्याच्या २०२१ सालच्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तो घातला, तर ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ९३ येतो आणि ७६ वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ५२. रक्तातील आकडा एकच, पण पहिल्याला काही झालेले नाही आणि दुसरीला किडनीविकाराची शक्यता तपासायला हवी. म्हणून नुसते क्रिएटिनिन पाहू नये, सोबत छापलेला ईजीएफआर पाहावा. तो छापलेला नसेल तर मागून घ्यावा. मात्र हे सूत्रही वय आणि लिंग यांवरून सरासरी स्नायू गृहीत धरते. आपल्या मातोश्रींचे स्नायू त्या सरासरीपेक्षा कमी असतील, तर ७६ हा अंदाज वास्तवापेक्षा चढा असणारच.

सिस्टॅटिन सी हे छोटे प्रथिन शरीरातील केंद्रक असलेल्या सर्वच पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू कमी झाल्याने ते फारसे बदलत नाही. त्यालाही स्वतःच्या खोडी आहेत. थायरॉइडचा अतिस्राव, स्टेरॉइडची औषधे, धूम्रपान, लठ्ठपणा आणि शरीरातील दाह यांमुळे ते मूत्रपिंडांचा दोष नसतानाही वाढते. म्हणून २०२४ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे की जिथे क्रिएटिनिनवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे दोन्ही मोजून एकत्रित सूत्र वापरावे. आपला ५५ हा आकडा त्यातल्या त्यात खरा धरावा, ४० पाहून घाबरू नये आणि ७६ पाहून निर्धास्त होऊ नये. आईंची थायरॉइडची तपासणी अलीकडे झाली आहे का, हे मात्र जरूर पाहावे.

शनिवारपेठी

चर्चा उत्तम चालली आहे. क्रिएटिनिनचा मुद्दा पूर्ण पटला. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की स्नायू कमी असले तर तपासणी फसते. मूत्रपिंडांमुळे स्नायू झडतात, हे कशावरून म्हणावे? वय वाढले की केस, दात, ऐकू येणे, सगळेच कमी होते. मधुमेह तर दोहोंनाही खातो. दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

दुसरे असे की माझे वडील ८० वर्षांचे आहेत आणि दररोज सकाळी सारसबागेला न चुकता फेऱ्या मारतात. एवढा व्यायाम पुरेसा नाही का?

डॉ_डेक्कन

शनिवारपेठींची शंका रास्त आहे आणि तिला सरधोपट उत्तर देता येणार नाही. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि बैठी जीवनशैली ही दोन्हींची समान कारणे आहेत, हे मान्यच करायला हवे. तरीही मूत्रपिंडे मंदावल्यावर स्नायूंवर स्वतंत्रपणे काय परिणाम होतो, याच्या निदान काही वाटा आता नीट माहीत आहेत.

अन्नातून आणि चयापचयातून शरीरात रोज आम्ल तयार होते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम असते. ते मंदावले की रक्तातील बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला आवर घालणारा क्षार, घटते. आम्लता वाढलेल्या अवस्थेत पेशींमधील जी यंत्रणा जुनी प्रथिने मोडून काढते, ती स्नायूंतील प्रथिनांवर अधिक वेगाने चालू लागते, आणि त्याच वेळी इन्सुलिनचा स्नायू बांधण्याचा संदेश क्षीण होतो. दुसरी वाट ड जीवनसत्त्वाची. उन्हातून किंवा गोळीतून मिळालेले ड जीवनसत्त्व शरीराला वापरण्याजोगे होण्यासाठी त्यावरील शेवटची प्रक्रिया मुख्यतः मूत्रपिंडांत होते. तिसरी वाट रक्ताची : अस्थिमज्जेला तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडांतूनच येते, ते कमी पडले की पंडुरोग (रक्तक्षय) होतो आणि स्नायूंना प्राणवायू अपुरा मिळतो, म्हणून जिना चढताना पाय भरून येतात. याशिवाय न गाळली गेलेली काही विषद्रव्ये स्नायूपेशींतील ऊर्जाकेंद्रांवर परिणाम करतात, शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो, आणि तोंडाची चव जाऊन भूक मरते. ही शेवटची गोष्ट वैद्यकीय पुस्तकात एका ओळीत येते, पण घरोघरी सर्वाधिक नुकसान तीच करते, असे माझे रुग्ण पाहून झालेले मत आहे.

या वाटा रोग पुढे गेल्यावर जास्त रुंदावतात. ईजीएफआर ५५ असलेल्या व्यक्तीत आम्लता आणि पंडुरोग सहसा नसतात किंवा अगदी थोडे असतात. म्हणून टेकडीवाली यांच्या मातोश्रींचा सगळा अशक्तपणा मूत्रपिंडांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. त्यांचे हिमोग्लोबिन, बी १२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड हे सारे पाहायला हवे.

उलट दिशेचा, म्हणजे स्नायूंना व्यायाम दिला तर मूत्रपिंडे जपली जातात याचा, पुरावाही आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतील लाइफ या अभ्यासात ७० ते ८९ वर्षे वयाच्या, हालचाल मंदावलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. एकाला चालणे, ताकदीचे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम असा नियमित कार्यक्रम दिला, दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्याने. त्यांतील ११९९ जणांच्या मूत्रपिंडांचा दोन वर्षांचा हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजमाप मुद्दाम सिस्टॅटिन सीवर केले होते, कारण व्यायामाने स्नायू बदलले तर क्रिएटिनिन गोंधळ घालेल. व्यायाम करणाऱ्या गटात ईजीएफआरची घट दुसऱ्या गटापेक्षा ०.९६ ने कमी झाली. आकडा लहान आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण या वयात वर्षाला साधारण एक एककाच्या आसपास घट होतच असते, हे लक्षात घेतले तर तो नगण्य नाही, आणि इथे गट चिठ्ठीने पाडलेले असल्यामुळे "निरोगी माणसेच व्यायाम करतात" हा आक्षेप लागू होत नाही.

एक इशारा देतो. आम्लतेविषयी वाचून घरच्या घरी खायचा सोडा सुरू करू नये. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या ३०० किडनीरुग्णांवर केलेल्या बायकार्ब चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, सोडाबायकार्बच्या, म्हणजे याच सोड्याच्या, गोळ्यांनी वर्षभरानंतरही शारीरिक क्षमता सुधारली नाही. बायकार्बोनेट फारच खाली गेले असेल तर औषध द्यावे लागते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. सोड्यातून सोडियम जाते, त्याने सूज आणि रक्तदाब वाढू शकतो.

चालता_बोलता (फिजिओथेरपिस्ट, सिंहगड रस्ता)

शनिवारपेठी, वडिलांच्या फेऱ्या चालू राहू द्या. हृदयासाठी, साखरेसाठी आणि मनासाठी त्या उत्तम आहेत. पण सपाट वाटेवर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि नितंबांवर इतका भार येत नाही की त्यांची ताकद वाढावी. वयाबरोबर आधी झडतात ते झटक्यात जोर लावणारे स्नायुतंतू, म्हणजे ठेच लागल्यावर स्वतःला सावरणारे. चार किलोमीटर आरामात चालणारे आजोबा भारतीय बैठकीच्या शौचालयातून आधाराशिवाय उठू शकत नाहीत, हे मी नित्य पाहते.

ताकद आहे की नाही हे घरीच तपासता येते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची घ्यावी, हात छातीवर दुमडावेत आणि पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे असे पाच वेळा शक्य तितक्या लवकर करावे. पाचव्यांदा उभे राहिल्यावर घड्याळ थांबवावे. स्नायू झडण्याच्या विकारावरील आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक लागले तर क्षमता कमी समजतात. शेजारी कोणीतरी उभे असावे, ही अट मी कधीही सोडत नाही. हाताच्या पकडीसाठी डायनॅमोमीटर लागतो, तो फिजिओथेरपिस्टकडे असतो. त्याच निकषांत पुरुषांची पकड २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोंपेक्षा कमी असेल तर ती क्षीण मानली जाते. तिसरी खूण चालण्याच्या वेगाची : सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेग असेल तर सावध व्हावे. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटेपर्यंत पलीकडे पोचता न येणारी माणसे बहुधा याच गटातली असतात, आणि सिग्नलची वेळ ठरवणाऱ्यांनी त्यांचा विचार करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

पकडीची ताकद केवळ हातापुरती नसते. १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या प्युअर अभ्यासात, ज्यात भारतही होता, पकड ५ किलोंनी कमी असणाऱ्यांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. तो निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही आपल्याकडे रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजतात आणि पकड जवळजवळ कोणीच मोजत नाही.

व्यायाम कोणता, याचे उत्तर सोपे आहे आणि त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीतून उठणे-बसणे हाच पहिला व्यायाम. सुरुवातीला खुर्चीवर घडी केलेली सतरंजी ठेवून बैठक उंच करावी आणि जमू लागले की एकेक घडी काढत जावी. ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून दंड काढणे, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून ओढणे, आणि पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन उचलणे, एवढे आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन करावे. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्टाने जमतील इतका भार हवा. अगदी सहज होत असेल तर भार वाढवायला हवा. श्वास रोखू नये, मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

या वयात आता काय ताकद वाढणार, असे म्हणणाऱ्या मुलांसाठी सांगते. १९९० मध्ये बॉस्टनमधील एका वृद्धालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती.

सहकारनगर_सून

मी हा धागा श्वास रोखून वाचते आहे. माझ्या सासऱ्यांचे वय ७८ आहे, क्रिएटिनिन २.१ आहे. शेजारच्या काकांनी सांगितले की किडनीवाल्यांनी डाळ, दूध, उसळ सर्व बंद करायचे. सासरे स्वभावाने अतिशय नेमाने वागणारे, त्यांनी त्या दिवसापासून डाळ सोडली. आता सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री मऊ भात आणि तूप. सहा महिन्यांत पायजम्याची नाडी दोन बोटे आत गेली आहे आणि अंगावरचा शर्ट खांद्यावरून उतरतो. क्रिएटिनिन २.१ वरून १.९ झाले म्हणून ते समाधानी आहेत. इथले लेखन वाचून मला भीती वाटते की ती घट मूत्रपिंडे सुधारल्याची नसून अंग झडल्याची आहे. मी त्यांना काय आणि कसे सांगू?

पानावरचे (आहारतज्ज्ञ, औंध)

सूनबाई, आपली भीती बरोबर दिशेने आहे, आणि आपण हे पाहिलेत म्हणून सासऱ्यांचे पुष्कळ भले होईल.

आधी हिशेब. आपण सांगितलेल्या आहारात दिवसभरात जेमतेम २० ते २५ ग्रॅम प्रथिने होतात. सासऱ्यांचे वजन ६० किलो धरले, तर किडनीविकार असलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांसाठी केडिगो जे ०.८ ग्रॅम प्रतिकिलो प्रमाण सांगते, त्यानुसारही त्यांना ४८ ग्रॅम मिळायला हवीत. म्हणजे ते मर्यादेच्या निम्म्यावर जगत आहेत. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत पुढे असेही आहे की ज्या ज्येष्ठांचे स्नायू झडलेले आहेत किंवा जे फार अशक्त आहेत, त्यांच्यासाठी प्रथिने आणि उष्मांक दोन्हींचे प्रमाण वाढवण्याचा विचार व्हावा. दिवसाला १.३ ग्रॅम प्रतिकिलोच्या वर जाऊ नये, प्रथिनांच्या पावडरी मनाने घेऊ नयेत, ही दुसरी बाजू. शेजारच्या काकांचा सल्ला या दोन्ही बाजूंना सोडून आहे.

पोट भरण्याइतके उष्मांक मिळाले नाहीत तर शरीर खाल्लेली प्रथिने जाळून टाकते आणि वर स्नायूंनाही हात घालते. म्हणून तूप, तेल, भात, पोळी यांना घाबरू नये, मधुमेह असेल तर प्रमाण ठरवून घ्यावे.

ताटात काय घ्यावे, तर सकाळी बिस्किटांऐवजी मुगाचे धिरडे किंवा अंड्याचा पांढरा भाग, दुपारी घट्ट वरणाची वाटी आणि घरचे दही, संध्याकाळी थोडे पनीर किंवा कपभर दूध, रात्री भाताबरोबर मूगडाळीची खिचडी. तीस ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण ७ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम आणि कपभर दुधात ५ ते ६ ग्रॅम प्रथिने असतात. सगळे एकाच जेवणात न देता तीन वेळांत वाटावे. पुण्याच्या जुन्या घरांत वडीलधाऱ्यांचे रात्रीचे जेवण म्हणजे ताकभात एवढेच उरते, तिथे मला नेहमी एक वाटी डाळ घालावीशी वाटते. एकादशी-चतुर्थीचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्या दिवशी राजगिरा आणि दूध बरे.

पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचे आकडे पाहूनच डाळींचे आणि फळांचे अंतिम प्रमाण ठरते, त्यामुळे हे ताट किडनीतज्ज्ञांना किंवा त्यांच्या आहारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पक्के करू नये. बाजारचे कमी सोडियमचे मीठ मात्र आजच बंद करा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि त्यांच्या टप्प्यावर ते धोक्याचे आहे. कमरख हे फळ किडनीविकारात विषासमान आहे. पाकीटबंद पदार्थांतील आणि कोलासारख्या पेयांतील फॉस्फेट डाळीतल्या फॉस्फरसपेक्षा जास्त शोषले जाते, तेव्हा घरची डाळ बंद करून बिस्किटे चालू ठेवण्यात काहीच हशील नाही.

सासऱ्यांना सांगताना त्यांची चूक दाखवू नका. माणसाने संयमाने जे पाळले, ते चुकीचे ठरवले की तो आपले ऐकत नाही. डॉक्टरांनाच लिहून द्यायला सांगा : "रोज दोन वाट्या डाळ, औषध म्हणून." नेमाने वागणारा माणूस तेही तितक्याच नेमाने पाळेल.

डॉ_डेक्कन

पानावरचे यांनी लिहिलेल्याशी मी पूर्ण सहमत आहे. क्रिएटिनिन २.१ म्हणजे त्यांच्या वयाला ईजीएफआर ३२ च्या आसपास येतो. वजन घटत असताना क्रिएटिनिन १.९ झाले, यावर समाधान मानू नये. सिस्टॅटिन सी करून घ्यावे, आणि या टप्प्यावर बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, पोटॅशियम व फॉस्फरस ही पाहावे.

कमी प्रथिनांच्या आहारावर असणाऱ्यांनाही व्यायामाने स्नायू राखता येतात, याचा जुना पण सुंदर पुरावा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या चाचणीत किडनीविकार असलेल्या २६ ज्येष्ठांना कमी प्रथिनांचा आहार दिला आणि त्यांतील निम्म्यांना १२ आठवडे वजनी व्यायामही दिले. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली आणि स्नायू टिकले, नुसत्या आहारावरच्या गटाचे तसे झाले नाही. माणसे थोडी होती, पण प्रश्न नेमका हाच होता.

औषधांविषयी एक गोष्ट राहिली होती. ईजीएफआर खरा किती, हे कळणे औषधांच्या मात्रेसाठी फार महत्त्वाचे आहे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची मात्रा ईजीएफआर ४५ च्या खाली कमी करतात आणि ३० च्या खाली ते बंद करतात. पाय जळजळतात म्हणून दिले जाणारे प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडांतून बाहेर जातात, ती साठली की गुंगी येते, तोल जातो, माणूस पडतो, आणि घरचे म्हणतात की अशक्तपणा वाढला. गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर घेणे मूत्रपिंडांना सर्वांत घातक. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पाकिटे आठवड्याला एक अशी सांगितलेल्या मुदतीनंतरही महिनोन्महिने घेत राहिल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडलेली मी पाहिली आहेत.

निवृत्त_प्रयोगशाळा

पुण्यातील चर्चेत एका पुणेरी संशोधनाचा उल्लेख व्हायलाच हवा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे वजनाने लहान होती, पण त्यांची चरबी टिकून होती आणि कमी होते ते स्नायू व पोटातील अवयव. वरून सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे. कमी वजनाच्या बाळांच्या मूत्रपिंडांत गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्याही कमी असते, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे आपल्याकडे अनेकजण दोन्ही बाबतींत मुळातच तुटपुंज्या भांडवलावर म्हातारपणी पोचतात. वजनकाट्यावरचा आकडा ठीक आहे म्हणून स्नायू ठीक आहेत, असे आपल्या लोकांत तर मुळीच समजू नये.

शनिवारपेठी

चालता_बोलता यांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांची खुर्चीची चाचणी घेतली, मी शेजारी उभा होतो. १७ सेकंद लागले आणि चौथ्या वेळी त्यांनी नकळत मांडीवर हात टेकला. चालण्याच्या जोरावर आम्ही निश्चिंत होतो. उद्यापासून सारसबागेहून परत आल्यावर खुर्चीचा व्यायाम सुरू करतो आहोत, आणि पुढच्या तपासणीत लघवीतील अल्ब्युमिनही करून घेऊ. लाइफ अभ्यासाच्या माहितीबद्दल डॉक्टरांचे आभार, माझ्या शंकेचे समाधान झाले.

टेकडीवाली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईची थायरॉइडची तपासणी झाली आहे आणि ती ठीक आहे. बी १२ मात्र कमी निघाले, त्याची इंजेक्शने चालू झाली आहेत. तिच्या जेवणाचा हिशेब मांडला तेव्हा प्रथिने ३० ग्रॅमच्याही खाली भरली, तिला किमान ४२ हवीत. धिरडे तिला आवडते, त्यामुळे तिथून सुरुवात केली आहे. सोफ्यावर उशी ठेवून उठण्या-बसण्याचा व्यायामही ती करते. दोन शंका उरल्या आहेत : तपासण्या किती काळाने कराव्यात, आणि व्यायामाने क्रिएटिनिन वाढते असे ऐकले, ते खरे आहे का?

डॉ_डेक्कन

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत ईजीएफआर ५५ च्या जवळपास आणि अल्ब्युमिन मध्यम प्रमाणात असेच राहिले, तर दीर्घकालीन किडनीविकार, तिसऱ्या टप्प्याचा पहिला भाग, असे निदान पक्के होईल आणि मग साधारण वर्षातून दोनदा तपासणी पुरेशी असते. अल्ब्युमिन जात असल्याने रक्तदाब आणि साखर यांवर बारीक लक्ष हवे आणि त्यासाठीची औषधे डॉक्टर ठरवतील. पकड आणि खुर्चीची चाचणीही त्याच दिवशी करून, रक्ताच्या आकड्यांशेजारीच तारखेसह लिहून ठेवा.

व्यायामाविषयी : तपासणीच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त जोराचा व्यायाम करू नये, त्याने क्रिएटिनिन तात्पुरते वाढते. काही महिन्यांनी स्नायू भरू लागल्यावर आईंचे क्रिएटिनिन ०.८ वरून ०.९ झालेले दिसले, तर व्यायाम लगेच थांबवू नका. आधी सिस्टॅटिन सी पुन्हा करून घ्या. ते स्थिर असेल आणि खुर्चीतून उठण्याचे सेकंद कमी झाले असतील, तर ती वाढ बहुधा नव्याने आलेल्या स्नायूंची आहे.